जुने मोटारघर कसे पारखावे

व्याख्यानमालेच्या मांडवात वेदान्त शोभतो, अर्थकारण शोभते, नाट्यसंगीतही शोभते. अशा ठिकाणी जुन्या मोटारघराची परीक्षा हा विषय ऐकून काही श्रोत्यांच्या भुवया उंचावल्या असतील, तर त्यात नवल नाही. ज्या गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या वाढल्या, ज्या परळ-लालबागच्या गाळ्यांत गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे एकच अंथरूण दोघे आळीपाळीने वापरीत, तेथे निजण्याची सोय, चूल आणि न्हाणीघर असलेली मोटार विकत घेण्याची भाषा करणे विनोदी वाटते हे आम्हांसही कळते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपण आजवर दारिद्र्य दाखविण्यासाठी वापरली. आता ती हौशीसाठी वापरण्याची वेळ आली आहे.

परंतु ही हौस दिसते तितकी पोकळ नाही. वडिलांचे गुडघे गेलेले, आईला दर दोन तासांनी मोरीची गरज, आणि दोघांचाही हट्ट एकच की गणपतीला गावीच जायचे. दादरच्या फलाटावरील गर्दीत त्यांना आता घालता येत नाही, आणि रात्रभर बसून जाणाऱ्या गाडीत ते टिकत नाहीत. अशा घरातील कोणी निवृत्त होतो, हाती भविष्यनिर्वाह निधीची रक्कम येते, आणि तो विचारतो, 'नवे मोटारघर परवडत नाही. जुने पण चांगल्यापैकी, ऐटदार असे मिळेल काय?' मिळेल, पण ऐट पाहून घ्याल तर फसाल. पुढील सर्व विवेचन याच एका वाक्याचा विस्तार आहे.

मोटारघराचा इतिहास सांगत बसण्याचे हे स्थळ नव्हे. तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स या ब्रिटिश नौदलातील निवृत्त वैद्याने ब्रिस्टल येथील वॅगन बांधणाऱ्या कारखान्याकडून केवळ आनंदप्रवासासाठी एक घोडागाडी-घर बांधून घेतले. नाव 'वाँडरर', आतील काम महोगनी लाकडाचे, आणि वजन जवळजवळ दोन टन. ओढावयास दोन दणकट घोडे लागत. म्हणजे या प्रकाराच्या अगदी आरंभीच आतील थाट आणि ओढणाऱ्याची ताकद यांचे भांडण उभे राहिले होते. घोडे गेले, इंजिन आले. भांडण तेच आहे.

आता आपल्या बाजारात काय मिळते ते पाहू. प्रथम मनातून परदेशी गाडी काढून टाकावी. अमेरिकेत १९७३ ते १९७८ या काळात जनरल मोटर्सने बनविलेली मोटारघरे तेथील शौकीन आजही चालवितात, कारण त्यांचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि वरील पत्रे ॲल्युमिनियम व फायबरचे असल्याने ती गंजून गेली नाहीत. अशी चित्रे पाहून पुष्कळांच्या तोंडाला पाणी सुटते. परंतु आपल्या आयात-नियमांप्रमाणे वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी असता कामा नये, आणि सुकाणू उजव्या हाताला हवे. तेव्हा 'जुने विलायती मोटारघर स्वस्तात' ही गोष्ट कायद्यातच बसत नाही. परदेशी प्रवासी जमिनीच्या मार्गाने आपली गाडी घेऊन येतात ते जकातीची हमी देणाऱ्या कार्ने नावाच्या कागदावर. ती गाडी त्यांना परतच न्यावी लागते. त्यांपैकी कोणी 'येथेच विकून जातो' म्हणाला, तर हात जोडून त्याला निरोप द्यावा.

उरतात त्या देशी गाड्या, आणि त्यांच्या ढोबळ मानाने तीन जाती आहेत. पहिली, मूळ उत्पादकाच्या किंवा मान्यताप्राप्त बांधणाऱ्याच्या हातून मोटारघर म्हणूनच बांधलेली आणि तशीच नोंदलेली. या थोड्या असतात आणि जुन्या झाल्या तरी भाव सोडत नाहीत. दुसरी, पर्यटकांची मिनीबस घेऊन तिचे आसन काढून बिछाने बसविलेली. बजाज टेम्पोने १९८७ साली 'ट्रॅव्हलर' आणली. तीच कंपनी पुढे फोर्स मोटर्स झाली, आणि आपल्याकडील अशी घरे बहुधा या ट्रॅव्हलरवरच उभी असतात. तिसरी जात खास मुंबईची: सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन. १९४२ साली परळला शांतारामबापूंचे राजकमल उभे राहिले तेव्हा नटनटी स्टुडिओतल्या खोलीतच रंगत असत. चाकांवरची रंगखोली हिंदी चित्रसृष्टीत रुजविण्याचे श्रेय पूनम ढिल्लों यांना दिले जाते. या गाड्या काही वर्षे राबल्या की मोडीत न जाता विक्रीला येतात. आरसे, दिवे, गुबगुबीत कोच, संगमरवरासारखी दिसणारी न्हाणी, असा सगळा थाट असतो, आणि किंमत ऐकून माणूस चकित होतो. स्वस्त का, याचे कारण मात्र थाटात दिसत नाही. ही गाडी उभी राहण्यासाठी बांधलेली असते. गोरेगावहून मढपर्यंत सावकाश जाऊन दिवसभर थांबणे हा तिचा धर्म. किलोमीटर थोडे झालेले असतात, पण जनरेटर हजारो तास चाललेला असतो. मागील कोचावर पट्टे नसतात. किंबहुना धावत्या गाडीत तेथे कोणी बसावे अशी कल्पनाच नसते.

येथे कागदाचा प्रश्न येतो. तो रुक्ष आहे म्हणून लोक शेवटी ठेवतात; आम्ही म्हणतो, गाडी पाहण्याआधी तिचे नोंदणीपुस्तक पाहावे. त्यात गाडीचा प्रकार काय लिहिला आहे? 'कॅम्पर व्हॅन' आहे की सतरा आसनांची बस आहे? आत चार बिछाने आणि कागदावर सतरा आसने, ही अवस्था दुसऱ्या जातीत नित्य आढळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा मूलभूत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले आहे. खासगी वापराचे मोटारघर ही स्वतंत्र वर्गवारी सरकारने मान्य केलेली आहे, त्यांच्या बांधणीचे मानकही आहे. म्हणून 'अहो, असे कोणी विचारीत नाही' हे दलालाचे उत्तर स्वीकारण्याचे कारण नाही. पोलीस विचारणार नाही कदाचित. अपघातानंतर विमा कंपनी मात्र पहिला प्रश्न हाच विचारील की, मागे बसलेली वृद्ध बाई कोणत्या आसनावर होती? ते आसन कागदावर नसेल, तर भरपाईचा वाद वर्षानुवर्षे चालू शकतो.

चेसिसवर ठोकलेला क्रमांक स्वतः वाकून वाचावा आणि पुस्तकाशी ताडून पाहावा. कर्जाचा बोजा उतरला आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर आता घरबसल्या कळते. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३० लागतो, बोजा उतरविण्यासाठी ३५. विक्रेत्याने कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून दिल्या म्हणजे काम झाले असे नव्हे. नोंदीत आपले नाव चढेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर दरसाल पासिंग. महाराष्ट्रात जुन्या गाडीवर पर्यावरण कर आहे. शिवाय नूतनीकरणाची फी २०२२ पासून बरीच वाढली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाड्यांसाठी पुन्हा वाढली. म्हणून १४ वर्षांची गाडी स्वस्त दिसली की तिचे पंधरावे वर्ष कोणाच्या खिशातून जाणार, याचा हिशेब करावा. दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येत राहिल्या. त्या साऱ्याच वाईट नसतात. पण ना-हरकत पत्र, येथला कर आणि ताडदेवच्या कार्यालयातील खेपा मिळवून पाहिल्यास स्वस्ताई बरीच ओसरते.

आता मुख्य गोष्ट. गाडीचे इंजिन बिघडले तर दुरुस्त होते. या देशात ट्रॅव्हलरचे किंवा टाटा ४०७ चे इंजिन उतरविणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही भेटतो. ऑपेरा हाऊसच्या आसपास सुटे भाग मिळतात, तेथे नसेल ते चोरबाजारात किंवा कुर्ल्याला सापडते. पण ज्या पेटीत तुम्ही निजणार, ती पेटी कुजली असेल तर औषध नाही. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने खारा वारा असतो. बसच्या छपराला वातानुकूलन यंत्रासाठी जेथे भोक पाडले, खिडकी कापून जेथे मोठी केली, न्हाणीचा नळ जेथून बाहेर काढला, त्या प्रत्येक जागी कारखान्याचे रंगकाम तुटलेले असते आणि पाणी तेथून शिरते. ते लगेच दिसत नाही. प्लायवुडच्या मागे उतरते, तळाच्या पत्र्यावर साचते, आणि वरून सनमायका चकचकीत राहतो. सजावट जितकी अधिक, तितके ओल लपायला कोपरे अधिक.

यासाठी उपाय साधे आहेत. गाडी पावसाळ्यात पाहावी. विक्रेते दिवाळीनंतर दाखवू इच्छितात, खरेदीदाराने जुलैत जावे. ते साधले नाही तर गाडी धुण्याच्या केंद्रावर नेऊन छपरावर अर्धा तास पाण्याचा फवारा मारवावा आणि आपण आत बसावे. दारे लावून प्रथम वास घ्यावा: कोंदट, ओल्या गोणपाटासारखा वास आला तर अत्तराची बाटली का लटकवली आहे ते कळते. चाकांच्या कमानींजवळ, न्हाणीच्या उंबऱ्याशी, बिछान्याखालील कपाटाच्या तळाशी अंगठ्याने दाबून पाहावे. लाकूड दबले तर समजावे. एक लोहचुंबक खिशात ठेवावा. पत्र्यावर तो चिकटत नाही तेथे पुट्टी भरलेली आहे. गाडी खड्ड्यावर चढवून खालून पाहावी, आणि हातोडीने हलके ठोकत जावे. खणखणीत आवाज हवा, भद्द आवाज नको. सगळ्या तळाला नुकताच काळा रंग फासलेला दिसला तर आम्ही तेथूनच परत फिरतो; नवा रंग कशासाठी, हे सांगण्याची जबाबदारी विक्रेत्याची.

पुरात बुडालेल्या गाडीबद्दलही दोन शब्द. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यानंतर भिजलेल्या गाड्या पुसून-वाळवून बाजारात आल्या, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. हिंदमाताचे पाणी तर ज्याने पाहिले नाही तो परळकर नव्हे. आसनाचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून पाहावा. त्याच्या शेवटच्या वीतभर भागात गाळाची रेघ असेल. आसनाखालचे स्क्रू तांबूस झालेले असतील. अशा गाडीचे इंजिन गोड वाजले तरी तिच्या तारा आतून हिरव्या पडलेल्या असतात, आणि मोटारघरात तारांचेच जाळे अधिक.

वजनाचा विचार फारसा कोणी करीत नाही. विक्रेत्याला म्हणावे, महामार्गावरील वजनकाट्यावर चला. समजा, पुस्तकात कमाल वजन ४,००० किलो आहे आणि काट्यावर रिकामे घर ३,४५० भरले. उरले ५५०. पाण्याची टाकी दीडशे लिटरची, म्हणजे १५० किलो. माणसे पाच, प्रत्येकी ६५ धरून ३२५. झाले ४७५. एक भरलेला गॅसचा सिलिंडर ३० किलोंच्या घरात. उरलेल्या ४५ किलोंत अंथरुणे, भांडी, शिधा, औषधे आणि येताना फणस. जनरेटर आणि बॅटऱ्या त्या ३,४५० मध्ये धरल्या होत्या असे आपण उदारपणे मानले आहे! अशी भरलेली गाडी बोरघाट किंवा कशेडी उतरू लागली की ब्रेक तापतात, आणि टायर लवकर झिजतात. ज्या गाडीत महोगनीछाप कपाटे थोडी आहेत ती या हिशेबात श्रीमंत ठरते.

टायरचे वय त्याच्या कडेवर लिहिलेले असते. शेवटचे चार आकडे पाहावे: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. मोटारघर उभेच फार असते, त्यामुळे टायर झिजत नाहीत पण कडक होतात. नक्षी नवी कोरी आणि टायर आठ वर्षांचा, हा देखावा नेहमीचा. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करावे, आधी तापवून ठेवलेले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. कमानपाटे, स्टिअरिंगमधील खेळ, क्लच, हे आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे सोपवावे. त्याची मजुरी ही या व्यवहारातील सर्वांत किफायतशीर रक्कम आहे.

विजेबद्दल मात्र स्वतः आकडेमोड करावी, कारण येथे विक्रेता 'बॅटरीवर रात्रभर एसी चालतो' असे बेधडक सांगतो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-तास. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक ओढली तर ती लवकर मरते. हाती राहिले ९००. एक टनाचे वातानुकूलन यंत्र चालताना हजार-अकराशे वॉट खाते. हिशेब पाऊण तासाचा. उलट, १२ व्होल्टचा पंखा २५ वॉटचा. आठ तासांत २०० वॉट-तास. दोन पंखे आणि दोन दिवे एका बॅटरीवर रात्र सहज काढतात. आमचे मत विचाराल तर कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंखा पुरतो. आणि गणपतीत बाहेरच इतका गारवा असतो की गोधडी लागते.

ज्यांना एसी हवाच, ते जनरेटरकडे वळतात, आणि येथे हा विषय पैशाचा राहत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हानमध्ये दोन माणसे मृत आढळली. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. जुन्या गाडीत तळाचा पत्रा गंजून भोके पडलेली असतात, वायरी नेण्यासाठी कोणी आणखी भोके पाडून बुजविलेली नसतात, आणि जनरेटर नेमका त्याच तळाखाली टांगलेला असतो. म्हणजे वर सांगितलेली हातोडी आणि अंगठ्याची परीक्षा ही केवळ किंमत पाडून घेण्यासाठी नाही. आम्ही स्पष्ट सांगतो: माणसे निजलेली असताना गाडीला जोडलेला जनरेटर चालवू नये, मग दलाल काहीही म्हणो. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे उपकरण फार महाग नसते. ते बिछान्याजवळ लावावे आणि त्याची तारीख पाहत जावी. स्वयंपाकाच्या गॅसचे याच्या उलट आहे. त्याला मुद्दाम वास दिलेला असतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. सिलिंडरच्या कपाटाला तळाशी बाहेर उघडणारी जाळी नसेल तर ती आधी करून घ्यावी. रबरी नळी तर गाडीबरोबर आलेली वापरूच नये.

न्हाणीघराविषयी थोडक्यात: वृद्धांसाठी गाडी घेत असाल तर तेच तुमचे खरे कारण आहे, म्हणून ते लहान पण नीट असावे, उंबरा नसावा, धरायला दांडा असावा. मैल्याची टाकी कोठे रिकामी करणार हे आधी ठरवावे. काढून नेता येणारी छोटी पेटी असेल तर ती गावच्या संडासात रिती करता येते. गाडीखाली बसविलेली मोठी टाकी दिसायला भारी, पण तिच्यासाठी सोयीची जागा वाटेत सापडणे कठीण.

पैशाचे कसे करावे? समजा जवळ नऊ लाख आहेत. आम्ही सहा लाखांपलीकडची गाडी पाहणारच नाही. तिसरा हिस्सा टायर, ब्रेक, बॅटरी, वायरिंग, विमा, कर आणि छपराच्या सांध्यांसाठी राखून ठेवावा. तो पहिल्या वर्षातच लागतो. नऊ लाखांची ऐटदार गाडी घेऊन खिसा रिकामा झालेला माणूस दुसऱ्याच पावसाळ्यात तिच्यावर ताडपत्री घालतो, आणि ताडपत्रीखाली उंदीर तारा कुरतडतात.

आणि ती उभी कोठे राहणार? गिरगावच्या वाडीत ती वळणार नाही, खोताच्या वाडीत तर हातगाडीनेही विचार करावा. दादरच्या रस्त्यावर जागा मिळाली तर ती अडविल्याचे भांडण मिळेल. पनवेलपलीकडे कोणा नातलगाचे अंगण, किंवा सरळ गावचे खळे, हे आधी नक्की करावे आणि मग गाडी शोधावी. उभ्या गाडीला महिन्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवावे लागते; ते करणारा माणसूही तेथे हवा.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, आणि भाड्याने मोटारघर देणारेही आता आहेत. खरेदीपूर्वी तीन दिवसांसाठी एक भाड्याने घ्यावे, आणि आईवडिलांना बरोबर न्यावे. चढताना पायरी किती उंच वाटते, रात्री उठून न्हाणीपर्यंत अंधारात हात कशाला लागतो, घाटात मागे बसून उलटी होते की नाही, हे त्यांनाच विचारावे. पुष्कळदा ते म्हणतात की बिछान्यापेक्षा बसायची खुर्ची बरी होती. मग दोन बिछाने आणि तीन पट्ट्यांची पक्की आसने असलेली, साधी, हलकी गाडी शोधायची. तिला गिऱ्हाईक थोडे असते, त्यामुळे भावही उतरतो.